रिंग आली, म्हणजे खुशाल

ट्रक ड्रायव्हर म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. झोप कशी आवरता, आणि पोलिसाला किती द्यावे लागतात. इतकी वर्षं गाडी चालवली, पण ‘तुम्ही रस्त्यावर असताना जिवंत आहात की नाही हे घरी कसं कळायचं’ असं मला एकाही शहाण्याने विचारलं नाही. आता डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, स्टेअरिंग सुटलंय, आणि सुरतमधल्या आमच्या खानदेशी मंडळाच्या पोरांनी ‘काका, अंकासाठी रस्त्यावरच्या गमती लिहा’ म्हणून पिच्छा पुरवलाय. गमती आहेत, नाही असं नाही. पण मी फोनबद्दल लिहिणार आहे. ज्याला नुसत्या गमतीच हव्यात त्याने खुशाल पुढचा लेख वाचावा.

आमच्या शेठचं ट्रान्सपोर्ट रिंग रोडच्या कापड मार्केटांच्या मागे होतं. साड्यांच्या गाठी भरायच्या, ताडपत्री आवळायची, जयपूर-दिल्लीकडे सोडायची. परत येताना रिकामं यायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम. राजस्थानातून फरशीचा दगड भरायचा आणि सुरतला उतरवायचा. जाताना गाडीत रेशमासारखा मऊ माल आणि येताना दगड, असा आमचा संसार.

मोबाईल यायच्या आधी गाडी एकदा सुरतच्या वेशीवरच्या कामरेजच्या पुढे गेली की ड्रायव्हर गेला. ढाब्याशेजारच्या एसटीडी बूथवरून फोन करायचा, तोही मनात आलं तर. आणि फोनवर खरं बोलणारा ड्रायव्हर मी तरी पाहिलेला नाही. एकदा मी घरी पुतणीचा साखरपुडा उरकून उशिरा निघालो होतो. बूथवरून मॅनेजर जयंतीभाईंना ठोकून दिलं की भरूच ओलांडलं. आणि नेमका माझ्या पाठीमागे एक जीपवाला ‘कामरेज, कामरेज’ करून बोंबलत होता. जयंतीभाई शांतपणे म्हणाले की, भरूच हल्ली फार जवळ आलंय. एवढंच. ओरडले नाहीत. माणूस चांगला होता, हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे वाचताना तुम्हाला त्यांचा राग येईल.

मी मोबाईल घेतला तो हौसेने नाही. माझे वडील साक्री तालुक्यातल्या आमच्या गावी वारले तेव्हा मी अजमेरच्या पुढे होतो. मला कळवायला कोणाकडे काही साधन नव्हतं. मी सुरतला परतलो, तिथून गावी गेलो, तर दहावंही उरकलेलं. भाऊबंद म्हणाले, वाट पाहिली रे तुझी. त्या दिवशी ठरवलं की असं पुन्हा व्हायला नको. नव्वदचं दशक संपायला आलं होतं आणि सुरतमध्ये शेठलोकांच्या हातात ते विटेएवढे फोन दिसायला लागले होते. मार्केटातल्या एका दलालाने नवा घेतला, त्याचा जुना मी नंबरासकट घेतला. आमच्या ऑफिसातला पहिला मोबाईलवाला ड्रायव्हर मी. ढाब्यावर पोरं मला ‘नामदेवशेठ’ म्हणून हाक मारायची आणि चहा माझ्या नावावर लावायची.

आताच्या पोरांना सांगितलं तर हसतात, पण तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे ज्याला फोन आला त्यालाच भरावे लागायचे. म्हणजे दुसऱ्याने बडबडायचं आणि दंड आपण भरायचा. त्या दलालाची बायको महिनाभर मला फोन करत होती. मी हॅलो म्हणायच्या आत विचारायची, जेवायला येताय ना? मी सांगायचो, बेन, मी ड्रायव्हर आहे, पालनपूरला आहे. तेवढ्यात माझे पैसे गेलेले. आमची घरवाली म्हणाली, हे तर विकतचं दुखणं घेतलंत.

खरं दुखणं पुढेच होतं. शेठला फोनचं कळलं आणि त्यांना इतका आनंद झाला, जणू त्यांच्याच घरी पोरगा झाला. माझा नंबर ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिला गेला. मग काय, मार्केटातले व्यापारी थेट मलाच फोन करायला लागले. माझ्या गाठी वर आहेत की खाली? पाऊस आहे का तिकडे? उद्या दुपारपर्यंत पोचेल ना? एकाने तर फोन करून सांगितलं की गाडी हळू चालव, साड्यांची घडी मोडते. मी शेठना म्हटलं, हा खर्च ऑफिसने द्यावा. ते हसून म्हणाले, फोन कोणाचा? मी म्हटलं, माझा. मग बिल कोणाचं? झालं. काम त्यांचं, फोन माझा, बिल माझं. फोन घेतला घरासाठी आणि राबला मार्केटासाठी.

यावर तोडगा काढला जयंतीभाईंनी. ऑफिसच्या आतल्या खोलीत एक जुना काळा फोन पडून होता, त्याची लाईन चालू होती आणि त्याचा नंबर बाहेर कोणाला ठाऊक नव्हता. तो ड्रायव्हरांसाठी ठेवला. नियम असा की, ड्रायव्हरने वाटेत रेंज मिळाली की त्या फोनवर रिंग द्यायची आणि लगेच कापायची. म्हणजे गाडी खुशाल, माणूस खुशाल. ऑफिसने उचलायचं नाही, उचललं की ड्रायव्हरचे पैसे जातात. खरंच काही भानगड असली तर ड्रायव्हर कापणार नाही, रिंग वाजतच राहील, तेव्हा उचलायचं. कोणाला एक पैसा पडत नाही आणि निरोप पोचतो. आम्हाला हे इतकं आवडलं की दुसऱ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना आम्ही ते फुशारकीने शिकवलं. गरिबाचं डोकं अशा ठिकाणी फार चालतं.

आणि मग ही रिंग घरच्या माणसांचीही झाली. माझी धाकटी बहीण मंगल सुरतमध्येच नवागामला राहायची. तिचा नवरा सुकलाल, म्हणजे आमचे दाजी, माझ्याच गाडीवर दुसरे ड्रायव्हर होते. लांबच्या अर्जंट गाडीवर दोन ड्रायव्हर लागतात, एकाने चालवायचं आणि एकाने झोपायचं. मंगल मार्केटात साड्यांना घडी घालायच्या कामाला जायची. आम्ही रस्त्यावर असलो की ती सकाळी कामावर जाताना ऑफिसात डोकवायची आणि विचारायची, रिंग आली का? आली म्हटलं की पुढे जायची. नवागाम-गोडादऱ्यातल्या आणखी दोघीतिघी तशाच यायच्या. जयंतीभाई थट्टेने म्हणायचे, हे ट्रान्सपोर्ट नाही, देऊळ झालंय.

दाजींबद्दल दोन शब्द. माझ्यापेक्षा लहान, पण नातं मानाचं, म्हणून मी त्यांना अहोजाहो करायचो आणि ते मला भाऊ म्हणायचे. आधी लूमवर होते. लूमच्या खडखडाटाने त्यांचा एक कान अधू झाला होता, म्हणून मी त्यांना गाडीवर आणलं. हात फार सफाईचा. मी गाडी चालवायचो, ते गाडी वागवायचे. त्यांना एकच खोड होती, रस्त्यात कुठेही चांगली शेवग्याची शेंग, कांद्याची पात दिसली की गाडी थांबवून घ्यायची आणि घरी न्यायची. ट्रकच्या केबिनमध्ये भाजीची जुडी लटकलेली पाहून नाक्यावरचे पोलीसही हसायचे.

तो हिवाळा होता. आम्ही राजस्थानातून फरशी भरून निघालो होतो. अंकलेश्वर मागे पडलं, घर आता हाताशी आलं होतं. पहाट फुटत होती आणि धुकं असं की बोनेटपुढचं काही दिसेना. चालवत दाजी होते. मी बाजूच्या सीटवर डुलक्या घेत होतो. कोसंब्याच्या अलीकडे उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी होती, मागे दिवा नाही, लाल फडकं नाही, काही नाही. दाजींनी ब्रेक मारून गाडी डावीकडे काढली. ट्रॉली वाचली. गाडी रस्त्याचा भराव उतरून खाली बाभळींत घुसली आणि तिथल्या खाडीच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला नाक टेकून थांबली.

गाडी थांबली, पण माल थांबला नाही. मागची फरशी पुढे सरकली आणि केबिनची मागची भिंत फाडून आत आली. जास्त करून दाजींच्या बाजूने. त्यांचे दोन्ही पाय मांडीपासून सीट आणि स्टेअरिंगच्या मध्ये अडकले. माझा डावा हात दारात चेंगरला होता आणि छातीवर डॅशबोर्ड आला होता, पण उजवा हात मोकळा होता. वर रस्त्यावरून गाड्या जात होत्या, त्यांचे आवाज येत होते. आम्ही हाका मारल्या. धुक्यात आणि बाभळींत आम्ही कोणाला दिसणार? ट्रॉलीवाला पळून गेला होता.

फोन माझ्या खिशात होता आणि शाबूत होता. देवाचे आभार मानले. त्या वेळी हायवेवर रेंज म्हणजे शहराजवळ भरपूर आणि मध्ये नशिबावर. इथे पडद्यावर एक कांडी दिसायची आणि जायची. आधी शंभर नंबर लावला, तो लागलाच नाही. घरी फोन नव्हता. शेजारचा बूथ इतक्या सकाळी उघडत नसे. ऑफिस मात्र मालाच्या उतरणीसाठी पहाटेच उघडायचं, जयंतीभाई असायचेच. अंगठ्याला सवयीचा नंबरही एकच, काळ्या फोनचा. फुटलेल्या काचेतून हात जेवढा बाहेर निघेल तेवढा काढला, बटण दाबलं आणि फोन कानाकडे ओढला. रिंग गेली. मग टूंटूं करून तुटला.

दाजींनी विचारलं, “फोन लागना का?”

मी म्हटलं, “लागना, दाजी. ई राह्यनात त्या.”

आमच्या अहिराणीत ‘लागना’ म्हणजे लागला; येताहेत ते, असं म्हटलं. मी खोटं बोललो नाही. मला खरंच वाटलं की रिंग गेली म्हणजे काम झालं, आता माणसं येतील. दाजींना बरं वाटलं. म्हणाले, मंगलला लगेच सांगायला नको, ती घाबरते. मग म्हणाले, पाय काही लागत नाहीत हाताला. मी त्यांना बोलतं ठेवत होतो. माझ्या पायाशी ओलं लागत होतं आणि मी स्वतःची समजूत घालत होतो की रेडिएटरचं पाणी असेल.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रिंग दिली आणि कापली, म्हणजे काय? म्हणजे खुशाल. मी इथून जयंतीभाईंना सांगितलं होतं की आम्ही मजेत आहोत.

मी परत लावला. रिंग गेली, तुटली. परत लावला. रिंग गेली, जरा जास्त वाजली, मी मोठ्याने म्हणत होतो, उचला हो, उचला, अहो उचला. तुटली. मधल्या वेळी लागतच नव्हता. पुन्हा लागला, पुन्हा तुटला. दर वेळी मला कळत होतं की मी बुडत्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक धोंडा ठेवतोय. पण लावायचं तरी कसं थांबवू? आता वाजत राहील, आता रेंज टिकेल, या आशेवर बॅटरी संपेपर्यंत लावत राहिलो. दाजी विचारायचे, आले का? मी म्हणायचो, निघालेत. हे मात्र मी खोटं बोललो, आणि अजून तसा प्रसंग आला तर परत बोलेन.

दाजींचं बोलणं हळूहळू बोबडं झालं. त्यांना तहान लागली होती. पाण्याची बाटली मागे घरंगळली होती, ती मला दिसत होती, पण हात पुरत नव्हता. सूर्य वर आला, धुकं विरलं. जळणासाठी काटक्या गोळा करणारी एक आदिवासी बाई खाडीच्या कडेने आली, तिने आम्हाला पाहिलं आणि ओरडत शेताकडे पळाली. माणसं आली, साखळदंड आले, पहारी आल्या. मी दाजींचा हात धरून होतो. तो कधीच गार पडला होता, पण मी कोणाला ते म्हटलं नाही, कारण मला भीती होती की मग त्यांना घाईने काढणार नाहीत.

दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं, लवकर आणलं असतं तर पाय गेले असते, पण माणूस राहिला असता. डॉक्टर तरणा होता, त्याला वाटलं आपण माहिती देतोय. ते वाक्य मी पंचवीस वर्षं उशाशी घेऊन झोपतोय.

हाताला पट्टी बांधलेल्या अवस्थेत मी ऑफिसात गेलो. जयंतीभाई मला बघून उठले आणि परत बसले. म्हणाले, इतक्या वेळा रिंग आली की मला वाटलं, नामदेव घराजवळ पोचला, आनंदात आहे. ते लहान मुलासारखे रडले. त्यांना काय बोलणार? नियम त्यांनी केला, पण नाचलो तर आम्ही सगळेच होतो. शेठ मात्र रडले नाहीत. ते म्हणाले, बघ, आमचा असा काही नियम नव्हताच. फोन तुझा स्वतःचा. तू कोणाला रिंग देतोस, कशी देतोस, त्यात ट्रान्सपोर्टचा काय संबंध? भिंतीवरच्या माझ्या नंबरावर तोपर्यंत चुना फिरवून झाला होता. चुन्यातून आकडे दिसत होते. मी तिथेच उभा राहून शेठना जे बोललो ते छापण्यासारखं नाही. दुसऱ्या ट्रान्सपोर्टला लागलो. तिथेही ड्रायव्हर रिंग देऊन कापतच होते, आणि ते आम्हीच त्यांना शिकवलं होतं.

मंगलला मी दवाखान्यातला, खाडीतला सगळा प्रसंग सांगितला होता, पण फोनचं सांगितलं नव्हतं. म्हटलं, कशाला? माणूस गेला तो ट्रॉलीने गेला, असंच तिच्या मनात राहू दे. ती माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. मला वाटायचं, मी दाजींना लूमवरून गाडीवर आणलं, त्याचा राग असेल. वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले, ती भांडी घासत होती आणि मी ओट्यावर बसलो होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, मंगल, एक गोष्ट तुझ्यापासून लपवलीय. त्या सकाळी मी फोन लावत होतो.

ती भांडं घासायची थांबली नाही. म्हणाली, “माले माहीत शे, भाऊ. मी तठेच व्हती.”

मला काही समजेना. मग तिने सांगितलं. त्या सकाळी ती रोजच्यासारखी ऑफिसात डोकावली होती. जयंतीभाई म्हणाले, थांब, मघापासून दोनदा रिंग आली, खुशाल आहेत. तेवढ्यात तिच्यासमोर काळा फोन पुन्हा वाजला. आणि त्या दिवशी तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिला वाटलं की एकदा नवऱ्याचा आवाज ऐकावा. अख्ख्या लग्नात ती त्याच्याशी फोनवर कधी बोलली नव्हती. तिने हात पुढे केला, रिसीव्हरवर ठेवलाही. जयंतीभाई म्हणाले, नको बेन, उचलू नको, त्याचे फुकट पैसे जातील.

“मी हात मांगे लिधा,” मंगल म्हणाली. “रिंग थांबनी. मी हासनी, भाऊ. आनि कामवर गयी.”

मी तिला म्हटलं, तू उचललं असतंस तरी लाईन तुटलीच असती, रेंजच नव्हती. ते खरं होतं का, मला माहीत नाही. एका वेळी रिंग जास्त वाजली होती, हे मी तिला सांगितलं नाही, आणि आज इथे लिहितोय कारण तिला वाचता येत नाही.

मंगल आता लेकाकडे डिंडोलीला असते. तिच्याकडे मोबाईल आहे. फोन वाजला की ती पहिली रिंग पुरी होऊ देत नाही. भाजी फोडणीला असो, अंगावर पाणी घेत असो, धावत येऊन उचलते. राँग नंबर असो, कर्ज देणारी कंपनी असो, उचलतेच, आणि कोणी मिस कॉल देऊन कापला तर ती उलट फोन लावते. नातवंडं चिडतात, आजी, ते कंपनीवाले आहेत, ठेव. ती ठेवत नाही. पलीकडच्या त्या अनोळखी माणसाला आधी विचारते, “बरं शे ना?” आणि तो काहीतरी बोलेपर्यंत फोन कानाला धरून उभी राहते.